मालुबाईंच्या रताळ्यांचं पाणी

बरोबर काम करणारी आरोही बंगळूरला नोकरीला गेल्यापासून बेळगावच्या त्या प्रयोगशाळेत समता एकटीच उरली होती. निपाणीहून पीएचडीसाठी आलेली. दुपारचा डबा ती खिडकीकडे तोंड करून खायची, म्हणजे रिकामी खुर्ची दिसत नसे.

तिचा विषय रताळी. मुळं फुगू लागली की पेशींतलं कुठलं जनुक दुसऱ्या कुठल्या जनुकाला चालवतं, याचं जाळं तिला मांडायचं होतं. बेळगुंदीच्या मालुबाईंच्या शेतातून तिनं सोळा आठवडे दर सोमवारी मुळं आणली. आकडे लावल्यावर दोन जनुकं कायम बरोबरीनं वाढताना आणि बरोबरीनं उतरताना दिसली. पहिलं दुसऱ्याला चालवत असणार, असं धरून तिनं जाळ्याच्या आकृतीत पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण काढला. तिच्या मार्गदर्शक सरांनी तो एका परिषदेत दाखवूनही टाकला.

मग खात्रीसाठी तिनं कुंडीतल्या वेलांत पहिलं जनुक बंद पाडलं. दुसरं जराही हललं नाही. तिनं तीनदा करून बघितलं.

"कुंडीत काहीतरी चुकलं असेल," सर फोनवर म्हणाले. "पेपर आहे तसा जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी ती बेळगुंदीला गेली. हे बोलायला तिला दुसरं कुणी नव्हतं. मालुबाई शेतात वेल गोळा करत होत्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला.

"आज सोमवार न्हाय," त्या म्हणाल्या.

"मुळं न्यायला नाही आले, आक्का. माझंच काहीतरी चुकलंय."

बांधावर बसून तिनं जमेल तसं सगळं सांगितलं. मालुबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन्ही उतरली ती कंच्या आठवड्यात?"

"सहाव्या आणि अकराव्या."

"सहाव्यात मोटार जळाली हुती. अकराव्यात जांबोटीला भनीकडं गेलतो, ती आजारी हुती. पाणी न्हाय दिलं."

समताच्या लक्षात आलं. शेतात पाणी तुटलं की दोन्ही जनुकं आपापली उतरत होती. कुंड्यांना ती स्वतः रोज मोजून पाणी घालायची. त्या दोन जनुकांचा एकमेकांशी संबंधच नव्हता.

"हे मला सांगितलं नाहीत, आक्का."

"तू कवा इचारलंस? येतीस, मुळं कापतीस, बस गाठतीस. चार म्हैन्यांत एकदा च्या घेतला न्हाईस."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून समताला जास्त लागलं. त्या दिवशी ती चहा घेऊनच निघाली.

तिनं बाण पुसला आणि सरांना तसं कळवलं. दोन दिवसांनी 'ठीक' एवढंच उत्तर आलं. प्रकल्पाची पुढची बैठक तिला न सांगताच झाली.

आता नवी लावण झाली आहे. पाणी दिलं की मालुबाई फोन करून वेळ सांगतात, समता ती वहीत लिहून घेते. "जेवलीस का गं?" असंही त्या विचारतात. एरवी आठवडाभर तिचा फोन सहसा वाजत नाही.