घुमऱ्याला आलेलं उत्तर

सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी तळ्याच्या पलीकडच्या काठावरून घुमऱ्या बगळ्याच्या हाकेला उत्तर आलं. ते मी टिपलं, आणि त्याच क्षणी ते गावभर ऐकू गेलं.

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. तळ्याकाठच्या छोट्या रेडिओ केंद्रात नोकरीला आहे. माझी जाळी एका बाजूने चेपलेली आहे, आणि डोक्यावरची स्पंजाची टोपी उंदरांनी कुरतडली आहे. पण कान शाबूत आहेत. माझ्या जातीला तेवढं पुरतं.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात एका खोलीत मोठ्याने श्वास घ्यायलाही बंदी होती. तिथे एक कारागीर बाई चिमट्याने माझ्या पोटात पडदा बसवत होती. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा! फुंकर लागली तर उडून जाईल म्हणून तिने श्वास रोखला होता. पडदा बसला आणि तिने श्वास सोडला. माझ्या आयुष्यातला तो पहिला आवाज. तेव्हापासून मला वाटतं, की हळू आवाजातच मोठ्या गोष्टी असतात.

इथे आलो तेव्हा केंद्र म्हणजे जुन्या पंपघराच्या दोन खोल्या होत्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले होते. कार्यक्रम सांगायला ताई आणि बातम्यांना खात्रीकाका. काकांचं खरं नाव सगळे विसरले होते. कुठलीही बातमी आणा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "खात्री केली का?" बाहेर पाऊस पडतोय असं कोणी म्हटलं, तर ते खिडकीतून हात बाहेर काढून बघत. ताई म्हणायची, "काकू जेवायला वाढते म्हणाल्या, तरी काका आधी झाकण उघडून बघतात."

मित्रांनो, त्या दोन खोल्यांत मी काय काय ऐकलं! हरवलेल्या शेळीचं वर्णन, नळाला पाणी येण्याची वेळ, वादळाचा इशारा. एका शिंपीणबाईंना त्यांच्या आत्याच्या अंगाईची चारच कडवी आठवत होती. पाचवं कोणा आजींनी फोनवर गाऊन पुरवलं. दोघींची कधी भेट नव्हती. गाणं मात्र पुरं झालं.

आणि रोज सकाळी सहाला 'आजचा आवाज'. हा आमच्या केंद्राचा नेम. ताई मला लांब वायरीने धक्क्याच्या टोकाशी ठेवायची आणि काही मिनिटं कोणी एक शब्द बोलायचं नाही. तळं जे बोलेल ते थेट घराघरांत जायचं.

मग नवे मायक्रोफोन आले. लहान, हलके, हुशार. मला मेलेल्या बॅटऱ्यांबरोबर खणात टाकलं. अंधारात काही वर्षं गेली. उंदरांचा कार्यक्रम तेवढा ऐकला.

एके दिवशी ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारलं, "हल्ली घुमऱ्या का ऐकू येत नाही? गेला की काय?" ताई धावत धक्क्यावर गेली. घुमऱ्या तर तिथेच होता, घुमत होता! नवे हुशार मायक्रोफोन त्याचा खर्जातला आवाज पंपाची घरघर समजून गाळून टाकत होते. ताईने मला खणातून काढलं आणि ओढणीच्या टोकाने माझी जाळी पुसली.

घुमऱ्या म्हणजे लव्हाळ्यात राहणारा तपकिरी बगळा. चोच आभाळाकडे करून उभा राहिला, की तो कुठला आणि लव्हाळं कुठलं हे कळत नाही. तो गळ्यात हवा भरून घेतो आणि सोडतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा आवाज पाण्यावरून सरकत येतो. कोंबडीएवढा जीव, पण त्याच्या हाकेने माझा पडदा जसा हलतो, तसा माणसाच्या आवाजाने कधी हलला नाही.

तीन वसंत तो एकटा होता. हाक द्यायची, मग थांबायचं. पुन्हा हाक, पुन्हा थांबणं. ते थांबणंही मी टिपत असे.

तेवढ्यात तळ्याच्या समितीने फिरायला रस्ता करायचं ठरवलं. त्यासाठी लव्हाळं कापायचं होतं. समितीचे अध्यक्ष आमच्याच केंद्रात येऊन म्हणाले, "एकटा पक्षी काय, कुठेही जाईल. जोडी असती, घरटं असतं, तर आम्ही हात लावला नसता." हा शब्द त्यांनी माझ्यासमोर दिला.

म्हणून ते उत्तर आलं तेव्हा ताईचा ताबा सुटला. काका लेकीकडे गेलेले. खात्री करायला कोणी नव्हतं. तिने धावत केंद्रात जाऊन नव्या मायक्रोफोनवर सांगून टाकलं, "ऐकलंत ना? घुमऱ्याला उत्तर आलं! त्याची जोडीदारीण आली!" दिवसभर फोन वाजत राहिला. संध्याकाळी अध्यक्षांनी लव्हाळ्याची कापणी थांबवली.

दुसऱ्या दिवशी काका परतले आणि कानाला हेडफोन लावून ताईशेजारी धक्क्यावर उभे राहिले. सहा वाजले. घुमऱ्या घुमला. क्षणभराने पलीकडून उत्तर आलं. ताईने काकांकडे विजयाने पाहिलं. आणि नेमकी तिला शिंक आली.

क्षणभराने पलीकडचा काठही शिंकला.

कार्यक्रम थेट चालू होता, म्हणून संपेपर्यंत दोघंही गप्प राहिले. बटण बंद झाल्यावर काका एवढंच म्हणाले, "होडी काढायला सांग."

ताईने वायर काढून मलाही होडीत घेतलं. पलीकडे नावाडीआजोबांची झोपडी. त्यांनी कौतुकाने दाखवलं, "रेडिओची फळी मोडली, म्हणून परवा रात्री तो या रिकाम्या पिंपात ठेवला. काय झकास घुमतो! होडीत बसल्या बसल्या ऐकू येतो."

झालं होतं ते असं : घुमऱ्याची हाक मी टिपत होतो, केंद्र ती प्रसारित करत होतं, आजोबांचा रेडिओ ती पिंपातून घुमवत होता, आणि पाण्यावरून परत आलेला तो आवाज मीच पुन्हा टिपत होतो.

"आजोबा," काका म्हणाले, "तुमचं पिंप आता घुमऱ्याची बायको झालंय."

आजोबा खो खो हसले. मग एकदम थांबले. "म्हणजे तो अजून एकटाच का रे?"

परतताना होडीत ताई म्हणाली, "शिंकेबद्दल एकाचाही फोन नाही आला, काका. कोणाच्या लक्षात आलेलं नाही. आणि लव्हाळं वाचलंय."

वल्ह्यांचा आवाज तेवढा होता. धक्का जवळ आला तेव्हा ताई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "उद्या वादळ येतंय म्हणून सांगितलं, तर लोकांनी घरं का सोडावीत? माझ्या शब्दावरच ना?"

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच आवाजात तिने सांगितलं : उत्तर आलं नव्हतं, आमचाच आवाज आमच्याकडे परत आला होता, चूक माझी. फोन आले. एक बाई रागावून म्हणाल्या, "घुमऱ्याचा संसार मोडलात की हो!" अध्यक्षांचाही आला. "सोमवारपासून विळे लागतील. त्याआधी खरं उत्तर आलं, तर बघू."

मग काकांनी, आयुष्यभर आवाज पोचवणाऱ्या माणसाने, असा निरोप दिला : "उद्या सहाला केंद्र बंद राहील. आम्ही फक्त ऐकणार आहोत. तुम्हीही ऐका."

मित्रांनो, ती सकाळ मी विसरणार नाही. बेकरीवाल्याने भट्टीचा पंखा बंद केला. दूधवाला गाडी बंद करून ढकलत आला. आजोबांनी पिंप उपडं घातलं आणि वर स्वतः बसले. काठावर माणसंच माणसं उभी होती आणि कोणी खोकलंसुद्धा नाही. आजवर कधी न ऐकलेलं मला ऐकू येऊ लागलं. लव्हाळ्याची पाती एकमेकांवर घासत होती. दूर कुठेतरी मासोळीने तोंड वर काढलं, पाण्याचा बुडबुडा फुटला. आणि या सगळ्याखाली सगळ्या गावाचा रोखलेला श्वास. कारखान्यातली ती बाई आठवली. तिने एकटीने रोखला होता; इथे सगळ्या गावाने रोखला होता.

घुमऱ्या घुमला. मग थांबला.

उत्तरेकडच्या लव्हाळ्यातून काहीतरी आलं. अर्धाच स्वर, ओलसर, तुटका. पडदा हलला एवढं मी सांगू शकतो. मी टिपतो, ओळखणं माझं काम नव्हे.

काकांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. ताईने विचारलं, "तीच ना?" काका म्हणाले, "तुला वाटतंय. मलाही वाटतंय. वाटणं ही बातमी नाही."

माझं एक मागणं आहे, मित्रांनो. जुनी वस्तू खणात टाकण्याआधी, आणि लव्हाळं कापण्याआधी, घटकाभर गप्प राहून बघा. आपल्या गोंगाटात कोणाची हाक बुडत नाही ना, याची खात्री करा.

आज रविवार आहे. सकाळच्या बातम्यांत ताईने वाचलं, "उत्तरेच्या लव्हाळ्यातून एक आवाज आला आहे. तो कुणाचा, याची खात्री झालेली नाही." विळे आणून धक्क्यावर ठेवलेले आहेत. ताईने दोन वायरी जोडून मला उत्तरेच्या काठावर, चिखलात रोवलेल्या काठीला बांधलं आहे. वारा पडला आहे. घुमऱ्याने नुकतीच हाक दिली आहे, आणि तो थांबला आहे.