निळं विझेपर्यंत

“ती झडप आधी उघड!” येफिम लुकिच दारातूनच ओरडला. बुटांवरचा बर्फ झटकायलाही तो थांबला नाही.

तायसियानं दचकून धुराड्याची झडप परत ओढली. “काय हो आजोबा! ल्युबा आत्ता कुठे झोपलीय. आणि ज्वाळा विझल्यात की. सगळी ऊब आभाळाला कशाला वाटायची?”

शहरातल्या गरम पाण्याच्या नळांच्या उबेत वाढलेली ही नर्स पानगळीच्या दिवसांत सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन पिनेगा नदीकाठच्या या गावी दवाखान्यावर आली होती. तिच्या घरातली, सगळं घर उबवणारी विटांची चूल चाळीस वर्षांपूर्वी येफिमनंच बांधलेली. गावातल्या निम्म्या चुली त्याच्याच हातच्या होत्या, म्हणून तिला शिकवायचं कामही त्यानं आपणहून अंगावर घेतलं. पोरगी हुशार निघाली. बर्चची लाकडं दोन उन्हाळे वाळलेलीच घ्यायची, ओलं लाकूड नुसतं धुमसतं आणि धुराड्यात काजळी धरतं. चूल ठासून भरायची नाही, विटा सावकाश तापू द्यायच्या. राख लोखंडी बादलीतच काढायची. सगळं तिनं चार दिवसांत उचललं. घोडं अडलं ते झडपेपाशी. बाहेर उणे पस्तीस आणि घरात तान्हं मूल, तिला धीर धरवत नव्हता.

येफिमनं वाकून चुलीचं दार किलकिलं केलं. “निखाऱ्यांवर काय नाचतंय?”

“निळं काहीतरी. छान दिसतंय.”

“ते छान दिसतंय तोवर झडपेला हात लावायचा नाही. लावलास की विष घरात. त्याला ना रंग, ना वास.”

“शिकलेय हो मी ते पुस्तकात. पण शेजारच्या मार्फा मावशी आयुष्यभर अशीच लवकर लावतात. डोकं धरलं की कानात क्ल्यूक्वाची गोठलेली फळं घालायची, झालं!” ती हसली. “आणि मला चूल शिकवतंय कोण? ज्याच्या घरात सकाळी बादलीतलं पाणी गोठतं तो! सगळं गाव म्हणतं, दिव्याखाली अंधार.”

तिनं त्याच्यापुढे चहा आणि साखर लावलेल्या क्ल्यूक्वाची बशी ठेवली. येफिमनं नेहमीप्रमाणे बशी दूर सारली. दलदलीतली ती लाल, आंबट फळं म्हातारा तोंडात घालत नाही, हे नखरे गावाला पाठ होते.

एरवी तोही हसला असता. एकतीस हिवाळे त्यानं हे असंच हसण्यावारी नेलं होतं. पण तायसियाचा हात पुन्हा झडपेकडे गेला. “थोडं आधी लावली तर काय बिघडतंय?”

“ग्लाफिरा हृदयानं गेली नाही,” येफिम म्हणाला.

तिचा हात तिथंच राहिला. येफिमची बायको हृदय बंद पडून गेली, हे तर तिलासुद्धा आल्या आल्याच कळलं होतं.

“तिला ताप होता. मला पलीकडच्या गावात चूल बांधायला जायचं होतं, घसरगाडी दारात उभी. म्हटलं ऊब कोंडून ठेवावी, तिला हुडहुडी भरायला नको. निळं दिसत होतं. मी पाहिलं होतं, पोरी. माझ्याच हातची चूल, मला काय करणार, असा माज होता.”

“आणि?”

“आलो तेव्हा बाकावर पडली होती. दोन्ही कानांत क्ल्यूक्वा. म्हणजे तिला कळलं होतं. पण दार उघडलं नाही. मी ठेवून गेलेली ऊब जाईल म्हणून.”

चुलीत निखारा तडकला.

“लोक यायच्या आत मी ती फळं काढून टाकली. चूलवाल्याची बायको चुलीनं मेली म्हटल्यावर मला कोण बोलावणार? डॉक्टर म्हणाला हृदय, मीही म्हणालो हृदय. खरं बोललो असतो तर आज मार्फा तुला असलं काही सांगायला धजली नसती. तेव्हापासून माझ्या घरची झडप मी लावलेली नाही.”

त्यानं टोपी उचलली. संध्याकाळपर्यंत गावभर होईल, हे त्याला दिसत होतं. भीती वाटली नाही. लाज मात्र वाटली, आणि तीही इतक्या वर्षांनी.

तायसियानं क्ल्यूक्वाची बशी उचलली, बाहेरच्या थंड ओसरीत ठेवून आली आणि त्याच्यापुढे साखरेचं भांडं सरकवलं. मग दोन स्टुलं चुलीसमोर ओढली.

“टोपी ठेवा, आजोबा. कधी लावायची ते तुम्हीच सांगा.”

दोघं बघत बसले. निळी जीभ इथं विझे, तिथं उठे. येफिमनं न जळलेलं एक ढलपं चिमट्यानं काढून बादलीत टाकलं, निखारे दोनदा उलटसुलट केले. शेवटी त्यांच्यावर राखेची साय धरली आणि निळं कुठंच उरलं नाही.

“आता.”

तायसियानं झडप सारली. ल्युबा झोपेतच कुशीवर वळली.

येफिमनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पंचवीस मिनिटं झाली होती. घसरगाडी तेवढी सहज थांबली असती.