तिरकं ते करायचं

बोर्ली पंचतनच्या बाजारात किशोरीचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, मंडळांचे अहवाल, असलं काम. त्यामुळे भरडखोलचा विनेश नाटक घेऊन आला तेव्हा तिला बरं वाटलं. विनेश थळच्या कारखान्यात नोकरीला होता आणि पाळीच्या मधल्या वेळात त्याने दोन अंकी नाटक लिहिलं होतं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी कोळीवाड्याच्या समाजमंदिरात प्रयोग करायचा होता. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा तालमीला माणसं मोकळी.

विनेशने नाटक लॅपटॉपवर टाइप केलं होतं. पात्रं जे बोलतात ते सरळ अक्षरांत, जे करतात ते तिरक्या. कंस त्याला आवडत नसत. कंसांनी पान काटेरी दिसतं, असं त्याचं म्हणणं.

किशोरीचा पानं लावायचा प्रोग्राम जुना. त्याला त्याच्याच जुन्या फॉन्टमधलं मराठी कळतं. म्हणून तिने विनेशचा मजकूर नेहमीप्रमाणे कन्व्हर्टरमधून काढला, पानांत ओतला, एकेक शब्द तपासला आणि सुबक पुस्तिका बांधून दिल्या.

पहिल्या तालमीला तीही हौसेने गेली. वधूपित्याचं काम दादूकाकांकडे होतं. साठीचे दादूकाका पहिल्यांदाच नाटकात उभे राहत होते. जाळी विणता विणता त्यांनी पहिला अंक तोंडपाठ केला होता आणि हातात पुस्तिका न घेता ते रुबाबात पुढे आले.

"खोकतो," दादूकाका म्हणाले. "कोण हाय दारात? कान देतो. बोलत का न्हाय? काठी उचलतो आणि दोन पावलं मागं सरतो. मी भीत न्हाय कुणाला."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग मागच्या बाकावरून हसू फुटलं आणि सगळा हॉल हसायला लागला. दादूकाकांची बायको सोनूबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. दादूकाका मात्र गंभीर.

"हसताव कशाला? पुस्तकात हाय तसंच बोललो."

"काका, ते बोलायचं नाही, करायचं," विनेश म्हणाला.

"मग तसं लिवायचं. मला वाटलं, हा माणूस सांगून सांगून वागतो. आपल्या वाडीत काय कमी हायत तसले?"

विनेशने पुस्तिका उघडली. सगळं सरळ. बोलणं आणि करणं एकाच ओळीत, एकाच अक्षरात. त्याने किशोरीकडे पाहिलं.

"शब्द एक गेला नाही," ती म्हणाली, पण कान तापले होते. शब्द तपासताना तिने अक्षरांचा कल पाहिलाच नव्हता. कन्व्हर्टर शब्द नेतो, कल वाटेतच टाकतो.

दुसऱ्या दिवशी विनेश दुकानात आला. प्रत्येक सूचना हाताने तिरकी करणं शक्य होतं, पण त्याने दुसरा अंक पुन्हा लिहायला घेतला होता. म्हणजे दर बदलाला तेच हमालीकाम, आणि दर वेळी काहीतरी राहणार.

"कल जात असेल, तर कलाची खूण अक्षरांतच घालून पाठवू," किशोरी म्हणाली. तिने विनेशच्या मूळ फाइलमध्ये जिथे जिथे तिरका मजकूर होता तिथे मागेपुढे एकेक चांदणीचं चिन्ह बसवलं. कॉम्प्युटरने ते एका दमात केलं. मग कन्व्हर्टर चालवला. पानावर चांदणीच्या जागी भलतंच अर्धं अक्षर उमटलं. जुन्या फॉन्टमध्ये चांदणीच्या घरात दुसराच कुणी राहत होता.

विनेश हिरमुसला. किशोरी खुर्चीत मागे टेकून बसली आणि मग हसली. "चिन्हं बदलतात, पण मराठी अक्षरं तर नीट येतात ना? मग अक्षरांचीच खूण करू. कुठल्याच शब्दात नसतील अशी."

तिने सूचनेच्या आधी 'ळळळ' आणि नंतर 'ठठठ' घातलं. विनेशने मोठ्याने वाचून पाहिलं, "ळळळ खोकतो ठठठ", आणि दोघंही पोट धरून हसले. पण या वेळी खुणा जशाच्या तशा पलीकडे पोचल्या. मग जुन्या प्रोग्रामला तिने सांगितलं, या दोन खुणांमधलं सगळं तिरकं कर आणि खुणा पुसून टाक. पानं एकामागून एक कलली. तिने चहा सांगितला आणि शेवटच्या पानापर्यंत नजर फिरवली, या वेळी अक्षरांवरूनही.

नव्या प्रती वाटल्या गेल्या, पण दादूकाकांचं पाठांतर कसं बदलणार?

"एकदा बसलंय ते हलत न्हाय," ते म्हणाले.

चूक आपली, असं म्हणून किशोरी रविवारी त्यांच्या ओटीवर जाऊन बसली. सोबत तिने त्यांच्यासाठी वेगळी प्रत नेली होती. खुणा असलेली फाइल आता हाताशी होतीच. त्यातून दोन खुणांमधलं सगळं वगळून तिने नुसतं बोलणं मोठ्या अक्षरांत छापलं होतं.

"करायचं काय ते मी सांगते," सोनूबाई म्हणाली. "माझी तीस वर्षांची सवय हाय."

दादूकाका बोलायचे, आणि मध्येच सोनूबाई नुसतं "हं" करायची की ते खोकायचे, काठी उचलायचे, मागे सरायचे. असे पाचसहा रविवार गेले. हळूहळू "हं" ची गरज उरली नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी समाजमंदिर भरलं. किशोरी तिसऱ्या रांगेत बसली होती. शेवटच्या प्रवेशात मुलगी सासरी निघते तिथे दादूकाका थांबले.  त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांना खरोखरच पाणी आलं. पडदा पडल्यावर लोक उठून टाळ्या वाजवत राहिले. विनेशला सगळ्यांनी गराडा घातला.

त्या रात्री सोनूबाईने किशोरीला घरी जाऊ दिलं नाही. सकाळी नारळीभात खाऊन सगळी बंदरावर गेली. नवे रंग दिलेल्या होड्या पताका लावून उभ्या होत्या. दादूकाकांनी टोपी सारखी केली, गुडघाभर पाण्यात शिरून नारळ दर्याला दिला आणि मागे वळून बायकांना पुढे बोलावलं. किशोरीने साडी वर खोचली आणि त्यांच्याबरोबर पाण्यात उतरली.