आभाराचं पान

झोम्बा शहरातल्या त्या लहानशा रेडिओ केंद्रात तमांडाच्या कपाळाची शीर उडत होती. दवाखान्यांतल्या औषधसाठ्याची नोंद ठेवणारं, सगळ्यांना खुलं असलेलं एक सॉफ्टवेअर ती आणि देशोदेशीचे दहा-बारा जण मिळून फुकट चालवत. मलावीतले दवाखाने ते ज्या सर्व्हरवरून उतरवून घेत, तो पाच वर्षं याच केंद्रात होता. खोली केंद्राची, इंटरनेट केंद्राचं. एकदा वीज गेली आणि जनरेटरचं डिझेल संपत आलं, तेव्हा केंद्रप्रमुख बांबो मसिस्कांनी फुटबॉलचं धावतं वर्णन बंद केलं, पण सर्व्हर चालू ठेवला. गावाने आठवडाभर त्यांना शिव्या घातल्या.

आता केंद्राच्या समितीला ती खोली नव्या स्टुडिओसाठी हवी होती. "आपलं नाव कुठे छापलंय तेवढं दाखव. समितीला मी बघून घेतो," मसिस्का म्हणाले होते.

तमांडाने प्रकल्पाचं आभाराचं पान उघडलं. सगळ्यात वर एका परदेशी कंपनीचं हातभर बोधचिन्ह. त्यांनी आपल्या सर्व्हरवर जागा दिली होती ती तीन महिने, तीही चाचणीपुरती. केंद्राचं नाव औषधालाही नव्हतं! तिने तडक प्रकल्पप्रमुख एडगरला फोन लावला.

"त्यांच्या मदतीची किंमत कागदावर आहे," एडगर म्हणाला. "तुमच्या केंद्राची नाही. मग देणगीदारांच्या यादीत त्यांचा दर्जा कसा ठरवू?"

"मग ये ना इकडे, डिझेलचे डबे वाहायला! आपोआप ठरेल दर्जा."

"चिडू नकोस गं. टाकतो काहीतरी."

काहीतरी! पाच वर्षं ज्याच्या घरी पथारी टाकली, त्याचं नाव सांगताना जीभ जड व्हावी, ही कुठली रीत?

दुसऱ्या दिवशी समितीसमोर पान उघडलं. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आली होती. मसिस्कांनी ती मोठ्याने वाचली, "आफ्रिकेतल्या एका मित्राचेही आभार."

"बांबो, हा मित्र म्हणजे तुम्हीच का हो?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

तमांडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी पुन्हा बोलते त्यांच्याशी."

"नको. शनिवारपर्यंत राहू दे सर्व्हर, दवाखान्यांनी काय घोडं मारलंय? मग घेऊन जा." मसिस्कांनी चष्मा काढला. "आणि त्यांना सांग मुली, मित्राला नाव असतं."

त्या पानात बदल करायचा अधिकार तमांडालाही होता, पण एडगरला विचारल्याशिवाय तिने तो आजवर वापरला नव्हता. तिने तिथेच, सगळ्यांसमोर, ती ओळ पुसून टाकली.