आखूड मानेची गिटार

मित्रांनो, मी एक जुन्या वळणाची इलेक्ट्रिक गिटार आहे. जुन्या वळणाची म्हणजे जुनी नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण या एका गोष्टीवरून माझ्याबद्दल फार गैरसमज झाले. माझ्यासारख्या गिटारी बनवणे बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. मग एका कारखान्याला त्यांची आठवण झाली आणि त्याच मापाची, त्याच रंगाची, अगदी त्याच खोडींची गिटार पुन्हा घडवायचे ठरले. म्हणजे जन्मले तेव्हाच मी आजीचे कपडे घातलेली नात होते.

माझी मान आखूड आहे. इतर गिटारींपेक्षा माझ्या तारांची लांबी दोनेक बोटे कमी. त्यामुळे मानेवरचे पडदे, म्हणजे धातूच्या त्या बारीक आडव्या पट्ट्या, एकमेकींच्या जवळ येतात आणि वाजवणाऱ्याला बोटे फार ताणावी लागत नाहीत. कारखान्यात एक बाई तोंडाला फडके बांधून माझी मान घासत असत. घासून झाली की त्या डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवायच्या आणि कुठे कणभर खडबडीत लागले तर पुन्हा घासायला घ्यायच्या. रंगाऱ्याने मला खूपदा धुतलेल्या शर्टासारखा फिकट निळा रंग दिला. मला तो फार आवडला.

एकाच साच्यातून आम्ही तीन प्रकारच्या बहिणी निघालो. थोरलीत, म्हणजे माझ्यात, सगळे जुन्यासारखे होते. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी माझी हलती आहे आणि तिच्यालगत एक बारीक धातूची दांडी आहे. ती हलकेच दाबली की सूर थरथरतो. मधलीची घोडी पक्की ठोकलेली. दांडी नाही, भानगड नाही. धाकटी सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त. तिची मान तर माझ्याहूनही आखूड.

दुकानात माझे पहिले ग्राहक एक दातांचे डॉक्टर होते. माझ्या रंगावर ते इतके भाळले की पेटी बंद करण्याआधी त्यांनी तीन वेळा वाकून पाहिले. पण आठवड्याभरात ते मला परत घेऊन आले.

"दिसायला झकास आहे हो," ते ओशाळून म्हणाले, "पण जरा जोरात वाजवली की तार घोडीवरून उडते. मला दिवसभर दुसऱ्यांच्या तारा सरळ कराव्या लागतात, घरी जाऊन पुन्हा तेच नको."

दुकानदार हसले, पण त्यांनी मला पुढच्या भिंतीवर परत लावले नाही. मी मागच्या कोपऱ्यात, ढोलांच्या खोक्यांवर लटकू लागले. माझ्या गळ्यात 'वापरलेली' अशी चिठ्ठी आली. मधल्या बहिणी एकामागून एक विकल्या जात होत्या. धाकट्याही जात होत्या. मला पाहून कोणी विचारलेच तर एवढेच, की ही खेळण्यातली आहे का? मित्रांनो, धूळ बसते त्याचे एवढे वाईट वाटत नाही. पण गिटारीला कोणी हातच लावला नाही, तर आपल्याला आवाज आहे हेही ती विसरू लागते.

एके दिवशी दुपारी तिघे जण दुकानात आले. पुढे होती एक ठेंगणी बाई, मागे तिचा नवरा आणि त्याच्या मागे त्याची थोरली बहीण. बाई फोटोंना चौकटी करून देणारी होती. सगळे तिला फ्रेमवालीच म्हणत. तिघांचा एक छोटा वाद्यवृंद होता. ती गिटार वाजवायची, नवरा ड्रम वाजवायचा आणि नणंदबाई गायच्या. वर्षभरापूर्वी कापताना काच सटकली आणि फ्रेमवालीच्या डाव्या तळहातातून आरपार गेली. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, पण शेवटची दोन बोटे पूर्वीसारखी फाकेनात. घरच्या लांब मानेच्या गिटारीवर तिचा हात पुरेना. तेव्हापासून तिच्या जागी त्यांच्या ओळखीचे एक पोस्टमन वाजवत होते.

दुकानात येण्याची तिची इच्छाच नव्हती. दारातच ती म्हणाली, "ताई, उगाच आलो आपण. पोस्टमनभाऊ चांगले वाजवतात. राहू दे ना."

"चांगले वाजवतात गं," नणंदबाई म्हणाल्या, "पण मी कुठे श्वास घेणार हे त्यांना कळत नाही. तुला कळतं. आता आत हो, दारात उभी राहिलीस तर दुकानदाराला वाटेल आपण वर्गणी मागायला आलोय."

दुकानदारांनी सगळे ऐकून घेतले, तिचा हात पाहिला आणि पुढच्या भिंतीवरून धाकटीला काढून दिले. फ्रेमवालीने बोटे ठेवली. जो सूरमेळ तिला वर्षभर जमला नव्हता, तो पहिल्याच फटक्यात जमला! नवऱ्याचा चेहरा उजळला. पण ती वाजवत राहिली तसा तिच्या कपाळावर आठ्या आल्या. धाकटीच्या तारा इतक्या सैल, की बोट थोडे जास्त दाबले तरी सूर वर सरकायचा.

"हात पोचतोय," ती म्हणाली, "पण आवाज पळतोय."

मग मधली आली. तिचा सूर जागचा हलला नाही. प्रत्येक स्वर स्वच्छ, नेमका. खरे सांगते, कोपऱ्यातून ऐकताना मलाही तिचा अभिमान वाटला.

"झालं, हीच घ्यायची," नवरा म्हणाला. "नो कटकट."

फ्रेमवालीने एक संथ धून सुरू केली. एका लांब स्वराशी आल्यावर ती थांबली. पुन्हा तोच स्वर घेतला, पुन्हा थांबली. स्वर निघत होता, पण निर्जीव, सुतळीसारखा सरळ. पूर्वी त्या जागी ती बोटाने तार हलवून स्वराला कंप द्यायची. आता त्या बोटात तेवढे बळच नव्हते. तिने गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि खिडकीकडे पाहत राहिली.

"ती कोपऱ्यातली निळी कोण?" नणंदबाईंनी एकदम विचारले.

"ती नका घेऊ," दुकानदार म्हणाले. "परत आलेली आहे. तार उडते तिची."

"घ्यायची नाहीये हो, बघायची आहे."

धूळ पुसून मला फ्रेमवालीच्या हाती दिले गेले. किती महिन्यांनी कोणाच्या बोटांची ऊब माझ्या मानेला लागली होती! तिने तोच लांब स्वर घेतला. मीही तो सरळच दिला, दुसरे काय देणार? मग तिचा उजवा हात सहज दांडीवर गेला. तिने ती किंचित दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

स्वर थरथरला. बोलता बोलता एखाद्याचा गळा दाटून यावा तसा तो थरथरला.

फ्रेमवालीने स्वर विरेपर्यंत वाट पाहिली आणि हळूच म्हणाली, "डाव्या हाताचं काम उजव्यानं केलं हिनं."

नवरा व्यवहारी होता. त्याने विचारले, "आणि भर कार्यक्रमात तार उडाली म्हणजे?"

"जाड तारा लावल्या तर सहसा नाही उडणार," दुकानदार म्हणाले. "पण मग दाबायला जोर जास्त लागेल. तुमचा हात असा. म्हणून मी तरी सांगेन, मधली घ्या. सुखात राहाल."

ते अगदी बरोबर बोलत होते. मधली सोपी होती, मी अवघड. फ्रेमवालीने दोघींना शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले.

"जोर येईल," ती शेवटी म्हणाली. "सराव केला की जोर येतो. कंप कुठून आणू?"

अशी मी चौकटींच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेले. तिथे भुशाचा आणि सरसाचा वास असे. दुकान उघडण्याआधी ती रोज मला मांडीवर घ्यायची. जाड तारा तिच्या बोटांना खुपायच्या. कधी गाण्याच्या मध्येच बोट ढिले पडायचे, सूर घसरायचा आणि ती दात-ओठ खाऊन पुन्हा सुरुवातीपासून धरायची. तिने माझ्यावर कधी राग काढला नाही. हात दुखू लागला की मला नीट उभी करून ती गरम पाण्यात बोटे बुडवून बसायची. पाणी निवायच्या आत पुन्हा यायची. मित्रांनो, कौतुक लोक माझ्या रंगाचे करतात. माझ्या मते कौतुकाची गोष्ट त्या खोलीत घडत होती आणि ती पाहायला मी एकटीच होते.

नव्या वाचनालयाच्या पटांगणात त्यांचा कार्यक्रम ठरला. पोस्टमन स्वतःच म्हणाले, "मी खाली बसून ऐकतो. गरज पडली तर हाक मारा." गरज पडली नाही. शेवटी ती संथ धून आली, तो लांब स्वर आला, तिने दांडी दाबली आणि नणंदबाई पुढची ओळ घ्यायलाच विसरल्या! नवऱ्याने काठीने ड्रमची कड वाजवून त्यांना भानावर आणले. नंतर त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, "मी विसरले नव्हते, मी ऐकत होते."

पुढे आम्ही पुष्कळ ठिकाणी वाजवले. दोनदा तार उडालीच. दोन्ही वेळा फ्रेमवालीने अंगठ्याने ती जागेवर सरकवली आणि पुढे वाजवू लागली.

आणि एक नवल घडले. त्या जाड तारांच्या मेहनतीने तिचा हात सुधारत गेला. तिच्या हातावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही एवढी आशा नव्हती. एके दिवशी तिच्या नवऱ्याने माळ्यावरून ती जुनी लांब मानेची गिटार काढली, पुसली आणि तिच्यापुढे धरली. तिने वाजवली. बोटे पोचली. कंपही आला, डाव्या बोटाचा, पूर्वीसारखा. नवऱ्याचे डोळे भरून आले. भिंतीशी टेकून मी ते ऐकत होते. मला आनंद झाला आणि माझे दिवस भरले हेही कळले. आता माळ्यावर रिकामी झालेली जागा माझी.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन पत्रे टाकायला आले. फ्रेमवालीने ती लांब मानेची गिटार पेटीत घातली आणि त्यांच्या हाती दिली.

"अहो, तुमचा हात आता बरा झालाय ना? मग ही मला कशाला?" ते गडबडून म्हणाले.

"हात बरा झालाय म्हणूनच," ती म्हणाली. "तुम्हीही या वाजवायला. दोन गिटारी झाल्या तर ताईंना श्वास घ्यायला आणखी जागा मिळेल."

मग ती आत आली आणि तिने मला मांडीवर घेतले.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे वाद्य असेल तर वाजवून झाल्यावर त्याच्या तारा कोरड्या कापडाने पुसत जा. ते उन्हात किंवा ओलीत टाकू नका. आणि त्याची एखादी खोड कळली म्हणून आठवड्याभरात त्याला परत करू नका. थोडे दिवस त्याच्याबरोबर काढून पाहा. फ्रेमवालीने मला पहिल्यांदा निवडले तेव्हा तिच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. दुसऱ्यांदा निवडले तेव्हा तिला कसलीच अडचण नव्हती, आणि तरीही तिने मलाच निवडले.