पुठ्ठ्याआडचा फासा

गळ्याचं ऑपरेशन झालं आणि ब्रेकचा आवाज कायमचा गेला. गळ्याच्या तळाशी एक भोक राहिलं. त्यातून तो श्वास घेई आणि त्यावर जाळीदार पांढरं फडकं बांधून ठेवी. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, पण त्यातून पत्र्याचा डबा बोलल्यासारखा आवाज येई. ते कपाटात गेलं.

ब्रेक हे नाव दोस्तांनी ठेवलेलं. त्याची हयात लोकांना गाडी शिकवण्यात गेली, शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक! अहो, ब्रेक!" असं ओरडण्यात. ती सवय खेळाच्या टेबलावरही सुटली नाही. गोष्टीतलं कुणी अंधाऱ्या भुयारात शिरायला निघालं की हा ओरडलाच.

तो खेळ म्हणजे चौघांनी मिळून रचलेली एक लांबच लांब गोष्ट. दर रविवारी दुपारी दातांच्या डॉक्टरच्या जेवणाच्या टेबलावर ती पुढे सरके. डॉक्टर गोष्ट सांगे आणि डोंगर हवे असले की दवाखान्यातले प्लास्टरचे जबडे मांडे. बाकीचे तिघे गोष्टीतली माणसं होत. डॉक्टरची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, एरवी हिशेब तपासनीस. खेळात ती चेटकीण होती. बेकरीवाला होता तलवारबाज, पण त्याच्या तलवारीपेक्षा जीभ जास्त चाले. ब्रेक हा म्हातारा वाटाड्या. आपण काय करणार ते प्रत्येकाने बोलून सांगायचं. ते साधलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवी. शत्रूंचे फासे डॉक्टर टाकी, तेही एका उभ्या पुठ्ठ्याआड. खेळणाऱ्यांना सगळंच कळलं तर मजा काय?

ऑपरेशननंतर खेळ कॉम्प्युटरवर गेला. पडद्यावर चार चौकटी आणि चार चेहरे. बाकीचे बोलत, ब्रेक टाइप करी. त्याचे शब्द सगळ्यांच्या समोर मोठ्या अक्षरांत उमटत आणि ते उमटेपर्यंत तिघं गप्प राहत. तोंडाचा पट्टा सोडणाऱ्या ब्रेकपेक्षा टाइप करणारा ब्रेक जास्त खवचट निघाला. मंत्र फसून चेटकिणीने स्वतःलाच दाढी उगवून घेतली तेव्हा त्याने लिहिलं, 'आता निदान हिशेब तरी पुरुषासारखा चुकेल.' वहिनी खुर्चीवरून पडता पडता वाचली.

शिवाय कॉम्प्युटरवर फासे सगळ्यांसमोर उघडे पडत, शत्रूंचेसुद्धा. पुठ्ठा नाही, काही नाही. हे ब्रेकला फार आवडलं. कारण बाकी सगळीकडे त्याची कीव चालली होती. औषधवाला त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडून बोले. लेक त्याच्या वतीने उत्तरं देई. शेजारी पिशवी हातातून काढून घेत. फासा मात्र काढून घेत नसे आणि देतही नसे. वाटाड्याला दोनदा जखम झाली, एकदा तो नदीत वाहून जाता जाता वाचला. ब्रेकला एवढंच हवं होतं. आठवड्यातली एक दुपार तरी इतरांसारखं, खरंखुरं हरता यावं.

मग छातीचा फोटो काढला आणि दुखणं फुफ्फुसात उतरलेलं दिसलं. मोठ्या डॉक्टरांनी आशेचं काही सांगितलं नाही. लेकीने दातांच्या डॉक्टरला फोन केला.

पुढच्या रविवारी डॉक्टर पडद्यावरून म्हणाला, "मी काय म्हणतो, गोष्ट आता पुलापर्यंत आलीच आहे. शेवटचा भाग टेबलावर खेळू या. पहिल्यासारखा."

'इथेच बरं आहे,' ब्रेकने टाइप केलं.

"कसलं बरं?" बेकरीवाला म्हणाला. "हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. माणूस समोर नको? मी ताजी बिस्किटं आणतो. तुला भिजवून देतो."

'दात शाबूत आहेत. गेलाय तो गळा.'

सगळे हसले, पण जरा जास्तच वेळ हसले. वहिनी म्हणाली, "भाऊजी, या ना. माझ्यासाठी या."

वहिनीला नाही म्हणणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

लेक त्याला घेऊन आली. दारात तिघंही उभे होते, लग्नघरी पाहुण्याला उतरवून घ्यावं तसे. त्याच्या जुन्या खुर्चीवर उशी ठेवलेली होती. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, दोन जबड्यांच्या मध्ये सुतळीचा पूल आणि पलीकडे डॉक्टरचा पुठ्ठा.

"यांना चहा चालेल का गं?" वहिनीने लेकीला विचारलं.

"कोमट दे काकू, चालेल बाबांना."

ब्रेकने पाटी काढली. लहान मुलांची, पट्टी सरकवली की पुसणारी. त्यावर लिहिलं, 'बाबा इथेच आहेत.' पण तोवर चहा कोमट करायला गेलाही होता.

खेळ सुरू झाला. दरीवरचा पूल आणि मागून लोखंडी केसांचं अस्वल. टेबलावर त्याच्या शब्दांसाठी कुणी थांबत नव्हतं. थांबायचं तर पाटीकडे बघत बसावं लागे आणि ते त्यांना सहन होत नसावं. तो 'मी दोर' एवढं लिही, तोच बेकरीवाला म्हणे, "दोर कापतो! शाब्बास!" त्याला दोर कापायचा नव्हता, धरायचा होता. त्याने ते पुसून पुन्हा लिहिलं, 'मी दोर धरून मागे थांबतो. तुम्ही पलीकडे जा.'

डॉक्टरने पुठ्ठा जरा जवळ ओढला.

"बरं," डॉक्टर म्हणाला. "अस्वल तुझ्यावर झेप घेतं. बारा किंवा वर पडले तर पंजा लागला." पुठ्ठ्याआड फासा खुळखुळला. "तीन. हुकला."

चेटकीण पलीकडे गेली. पुन्हा फासा. "पाच. पंजा दगडावर."

तलवारबाज पुलाच्या मध्यावर. "दोन!" डॉक्टर म्हणाला. "अस्वल आज जेवून आलंय वाटतं."

"बेकरीतून," बेकरीवाला म्हणाला. वहिनी मोठ्याने हसली.

ब्रेक हसला नाही. तो डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होता. शिकाऊ माणसाच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्याने तो हजारदा हळूच दाबला होता, वर म्हटलं होतं, "वा, छान थांबवलीत!" तसं म्हणताना आपला चेहरा कसा होत असेल हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं.

पुन्हा फासा खुळखुळला. "चार," डॉक्टर म्हणाला.

ब्रेकने हात लांब करून पुठ्ठा उचलला. फाशावर एकोणीस होते.

"अरे, पुठ्ठ्याआड डोकावायचं नसतं," बेकरीवाला म्हणाला. "नियम आहे."

"बाबा, काय झालं?" लेक मागून उठली.

त्याने तिला हातानेच बसवलं आणि लिहिलं, 'आधीचे?'

डॉक्टर पुठ्ठ्याच्या घडीशी चाळा करत राहिला. "त्यातले दोन पंजे लागले होते," तो म्हणाला. "अरे, आजच्या दिवशी मी तुला अस्वलाकडून मारू?"

'कॉम्प्युटरवर?'

"तिथे फासे उघडे होते. तू स्वतः बघत होतास."

ब्रेकने पाटी पुसली. या वेळी तो सावकाश लिहीत होता. 'शत्रूंची ताकद कोण ठरवत होतं?'

वहिनी म्हणाली, "भाऊजी, चहा निवतोय."

"मी," डॉक्टर म्हणाला.

पाटी तशीच समोर धरलेली होती. डॉक्टरने ती पुन्हा वाचली, जणू त्यावर आणखी काही लिहिलेलं होतं. मग म्हणाला, "कमी करून ठेवायचो. तुझ्यावर येणाऱ्यांचीच. तू दवाखान्यातून आल्यापासून. वाईट हेतू नव्हता रे."

"नदीत वाहत होतास ना, तेव्हा आम्ही तिघांनी..." बेकरीवाला बोलायला लागला आणि वहिनीने त्याच्या दंडावर हात ठेवला. म्हणजे नदीसुद्धा. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

ब्रेकच्या गळ्यावरचं फडकं श्वासाबरोबर आत-बाहेर होत होतं. त्याने पुठ्ठा मिटून जमिनीवर ठेवला. फासा उचलून डॉक्टरच्या तळहातावर ठेवला. मग लिहिलं, 'अस्वलाची पूर्ण ताकद. इथे, मध्ये टाक.'

"नको रे."

त्याने पाटीवर बोट आपटलं.

डॉक्टरने फासा टाकला. तो एका जबड्याला थटून थांबला. सोळा.

"लागला," डॉक्टर म्हणाला.

'पुन्हा.'

चौदा.

तेवढं पुरेसं होतं. वाटाड्याच्या अंगात किती जीव उरला आहे, ते ब्रेकला पाठ होतं. त्याने सुतळीच्या पुलाशी उभी असलेली आपली सोंगटी आडवी केली आणि मान वर केली. त्याला वाटलं होतं, आता बेकरीवाला बोंब मारेल, चेटकीण पलीकडून शाप देईल, कुणी वाटाड्याबद्दल काहीतरी बोलेल. इतकी वर्षं त्याने त्यांना वाट दाखवली होती.

वहिनीने पदर तोंडाला लावला होता. बेकरीवाला खिडकीकडे तोंड करून नाक पुसत होता. डॉक्टरच्या डोळ्यांतून सरळ पाणी गळत होतं आणि तो ब्रेकच्या गळ्यावरच्या पांढऱ्या फडक्याकडे बघत होता. सोंगटीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

ब्रेकने पाटी पुसून लिहिलं, 'तुमची पाळी.' ती त्याने सगळ्यांना दिसेल अशी धरली.

कुणीच फासा उचलला नाही.