वीतभर अंतर

आवाज आपल्याच छातीतून येतोय, हे घरातल्या धाकट्या सुनेला, धाकटीला, तिसऱ्या दिवशी कळलं.

पहिले दोन दिवस तिने वॉशिंग मशीनवर आळ घेतला, मग मायक्रोवेव्हवर. तिसऱ्या दुपारी मात्र घर चिडीचूप होतं. पाच महिन्यांची लेक, भिंगरी, डाव्या खांद्यावर पेंगुळलेली. तिच्या कानाशी, दुपट्यात खोचलेल्या लिंबाएवढ्या स्पीकरची मंद सूंसूं तेवढी चालू. आणि डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली, जिथे कातडीच्या आत ते चपटं यंत्र बसवलं होतं, तिथून निघालं, टूंऽऽऽ.

लेक हललीही नाही.

बाळंतपणात तिचं हृदय दमलं होतं. ठोके भरकटले तर झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणायचं, हे त्या यंत्राचं काम. घरी सोडताना बजावलं होतं, मोबाइल, इयरफोनची डबी, सगळं यंत्रापासून वीतभर लांब. इंडक्शनच्या शेगडीपासून दीड हात. वाय-फायला घाबरू नका, तो आपल्या जागी बरा आहे. आणि यंत्र वाजलं तर लगेच फोन करा.

तिने केला नाही. फोन केला की बोलावणार, ठेवून घेणार, पुन्हा छाती उघडणार. मागच्या खेपेला सतरा दिवस लेक बाटलीवर राहिली होती, आणि आई परत आल्यावर तिच्याकडे परक्यासारखी बघत बसली होती. ते बघणं टाक्यांपेक्षा जास्त दुखलं होतं.

मग तिने स्वतःच पडताळून पाहिलं. लेक उजवीकडे घेतली, शांत. पाळण्यात ठेवली, शांत. डावीकडे घेतली, टूंऽऽऽ. भीतीला तेवढा पुरावा पुरला. पोरीच्याच स्पर्शाने यंत्र बिथरतंय. आणि हातात पोर असताना झटका बसला तर?

दोन दिवस तिने लेकीला उचललंच नाही.

"आई, जरा घ्या ना हिला. पाठ धरलीय माझी."

"पाठ कालही धरली होती," सासूबाई म्हणाल्या. "पाठ धरली की डोळे सुजतात, हे मला ठाऊक नव्हतं हो!"

धाकटीचा बांध फुटला. सगळं ऐकून सासूबाई मटकन खाली बसल्या. "अगं वेडाबाई! असलं दुखणं कोणी मुकाट गिळतं का?"

नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. तो कामावरून धावत आला आणि त्याने वाय-फायची वायर उपटली, टीव्हीचा रिमोट, दारावरची बिनतारी घंटा, सगळं उचलून गॅलरीतल्या पिंपात टाकलं.

"आता दिवेही घालव," सासूबाई कडाडल्या, "म्हणजे चाचपडत दवाखान्यात जाऊ! फोन लाव आधी!"

"ताबडतोब या," पलीकडून उत्तर आलं.

तपासणीच्या खोलीत यंत्र बघणाऱ्या बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. "कधी वाजतं?"

"हिला घेतलं की."

"मग घ्या बघू."

"नको!" धाकटी मागे सरकली. "हिला काही झालं तर?"

"मी आहे ना इथे. घ्या."

सासूबाईंनी दुपट्यासकट गाठोडं पुढे केलं. धाकटीने डोळे मिटून लेकीला डाव्या खांद्याशी धरलं.

टूंऽऽऽ.

बाईंनी भिंगरीकडे नाही, दुपट्याकडे बघितलं. दोन बोटांनी स्पीकर उपसून, बंद करून त्या खिडकीपर्यंत गेल्या. "हे काय?"

"ते नुसतं सूंसूं करतं, झोपायला," नवरा म्हणाला. "ज्यावरून लावतो तो मोबाइल टेबलावरच असतो. वीतभर काय, चांगला पुरुषभर लांब."

"आवाज काढायला याच्या पोटात लोहचुंबक असतं. ते यंत्राला टेकलं की यंत्र टूं करून कळवतं आणि तेवढा वेळ झटका द्यायचं थांबतं. लांब नेलं की परत कामाला लागतं."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "रोज फ्रिजच्या दारांना चुंबकाच्या पट्ट्या बसवतो मी," तो पुटपुटला. "आणि घरात..."

धाकटीला मात्र दुसरंच दिसत होतं. झटका बसेल या भीतीने ती मरत होती, आणि खरं तर झटका द्यायलाच कोणी जागं नव्हतं. लेक डाव्या खांद्यावर झोपायची, त्या सगळ्या दुपारी. "म्हणजे त्या वेळात मला काही झालं असतं तर..."

"झालं नाही," बाई पडद्यावर यंत्रातली ठोक्यांची नोंद सावकाश खालीवर सरकवत म्हणाल्या. "सगळं बघितलं मी. ठोके सरळ आहेत, यंत्र ठणठणीत आहे. काही उघडायचं नाही. फक्त हा स्पीकर दुपट्यात नको. आणि पुढच्या वेळी लगेच फोन. ओरडायला मी आहेच."

"हिला... डावीकडे घेतलं तर चालेल?"

"तुमच्या लेकीत चुंबक नाही हो बाई."

सासूबाई खुदकन हसल्या. धाकटीला हसू आलं नाही. भिंगरी अजून तिच्या खांद्यावर होती. आता टूं होईल, आता होईल, म्हणून तिची मान ताठली होती. सूंसूं थांबल्यामुळे लेकीने भोकाड पसरलं. धाकटीने कोरड्या ओठांनी स्वतःच सूंसूं सुरू केलं. त्याला ना ताल, ना दम. मध्येच श्वास अडके, की लेक पुन्हा किंचाळे. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

खूप वेळाने रडणं हुंदक्यांवर आलं. भिंगरीने झोपेतच चिमुकली मूठ उगारली आणि नेमकी यंत्रावर, टाक्यांच्या वणावर टेकवली. धाकटी शहारली. तिने ती मूठ बाजूला केली नाही.